निळं जॅकेट, घुबड आणि आप्पांचे तास

मी अमेरिकेतल्या शाळेत एफएफए नावाच्या शेतीच्या क्लबात कशी शिरले, तर बायॉलॉजीचा क्लास फुल झाला होता, बस, एवढंच कारण. लोक विचारतात तुला शेतीची आवड आधीपासून होती का, गावाची आठवण येत होती का वगैरे, तर नाही. 2022च्या ऑगस्टमध्ये आम्ही जळगावहून कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला आलो, बाबा ठिबकच्या लाइनमध्ये आहेत, त्यांची इकडे बदली झाली, आणि आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. काउन्सेलर बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या की साध्या बायॉलॉजीत जागा नाही, ॲग बायॉलॉजीत दोन आहेत, कॉलेजला ते पण सायन्स म्हणून धरतात, चालेल का. मला त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. आठवीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश वाचता यायचं पण समोरचा भराभर बोलायला लागला की हसून 'यस' म्हणायचं असं माझं धोरण होतं. म्हटलं यस.

घरी बाबांनी टाइमटेबल बघितलं. "हे ॲग म्हणजे काय?" म्हटलं ॲग्रीकल्चर. मला काही बोलले नाहीत, पण रात्री किचनमध्ये आईला म्हणाले ते मी ऐकलं, की शेतातून बाहेर पडायला माझी वीस वर्षं गेली आणि ही तेरा हजार किलोमीटरवर येऊन शेतीच्या वर्गात बसली. गंमत अशी की हे सांगणारा माणूस रोज सकाळी सहाला उठून बदामवाल्यांच्या शेतातच जातो, नळ्या नि फिल्टर बघायला. पण ते 'कंपनीचं काम', ती शेती नाही. आमच्या अख्ख्या खानदानात हा फरक फार महत्त्वाचा आहे. रावेर तालुक्यात आप्पांची (म्हणजे आजोबांची) केळी आहे, अडीच-तीन हजार खोड, आमच्याकडे केळी एकरात नाही खोडात सांगतात, आणि लहानपणापासून मी एकच वाक्य ऐकलंय, शीक नाहीतर केळीचे घड वाहशील.

तर क्लबचं. पहिल्याच आठवड्यात ॲग टीचरने सांगितलं की या वर्गात जो कोणी आहे तो एफएफएचा मेंबर आहेच, वेगळा फॉर्म नाही, पण नुसतं यादीत नाव असणं वेगळं आणि सामील होणं वेगळं, ते तुमचं तुम्ही ठरवा. एफएफए म्हणजे जुनं नाव फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका. 1928 साली कॅन्सस सिटीत शेतकऱ्यांच्या 33 पोरांनी मिळून सुरू केलं, आता देशभरात दहा लाखांच्या वर मुलं आहेत, आणि 1988मध्ये नाव बदलून नुसती अक्षरं ठेवली कारण आता यातली सगळी काही शेतकरी होणार नसतात, कोणी जनावरांचे डॉक्टर, कोणी फूड सायन्सवाले, कोणी वेल्डिंगवाले. मुलींना देशपातळीवर 1969पासून घ्यायला लागले. हे ऐकून मी वहीत 1969 लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, कारण आमच्या ॲगच्या वर्गात मुलीच जास्त होत्या आणि मला वाटलं होतं हे पहिल्यापासून असंच असेल.

माझी एक आतेबहीण ॲग्रीची बीएस्सी करते, राहुरी विद्यापीठाखालच्या कॉलेजात. त्यांना शेवटच्या वर्षाला गावात जाऊन राहावं लागतं, कृषिकन्या म्हणतात, मग त्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतात, माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा ते सांगतात, पेपरात फोटो येतो. तिला मी फोनवर सांगितलं की इकडे नववीपासूनच असं काहीतरी आहे, तर ती म्हणाली मग तुम्हाला शेतकरी ऐकतात का? म्हटलं अगं इथे आम्हीच आमचं ऐकतो, मीटिंगमध्ये.

आणि मीटिंग म्हणजे काय सांगू. संध्याकाळी सहा वाजता ॲगच्या मोठ्या वर्गात, मागे टेबलावर पिझ्झाचे डबे, मला वाटलं हेच कारण असणार सगळे येण्याचं (होतंच ते बऱ्याच जणांचं). आणि मग एकदम सहा-सात सीनियर मुलंमुली निळी कॉर्डरॉयची जॅकेटं घालून, गळ्यापर्यंत चेन लावून, खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन उभी राहिली. बाहेर अजून 38 डिग्री होतं, हे लक्षात घ्या. अध्यक्षाने लाकडी हातोडी दोनदा आपटली. मग एकेकाला विचारायचं की तुझी जागा कुठे आणि का. अध्यक्ष बसतो उगवत्या सूर्याखाली, उपाध्यक्ष नांगराजवळ, सेक्रेटरी मक्याच्या कणसाजवळ, खजिनदार जॉर्ज वॉशिंग्टनच्या चिन्हापाशी कारण तो हिशेबाला पक्का होता म्हणे, रिपोर्टर झेंड्यापाशी, ॲडव्हायजर म्हणजे टीचर घुबडापाशी. आणि सेंटिनल म्हणून एक जण असतो तो दारापाशी. प्रत्येकाचं पाठ केलेलं उत्तर. हातोडी तीनदा वाजली की सगळे उभे, एकदा वाजली की खाली. मला खरं सांगायचं तर हसू येत होतं, म्हणजे मोठमोठी पोरं एवढं गंभीर नाटक करतायत. आमच्याकडे शाळेत परिपाठ असायचा, प्रतिज्ञा, सुविचार, पंचांग, त्यात कोणी एवढा जीव ओतत नव्हतं.

पण ते दारापाशी उभं असलेलं पोरगं बोललं ते मला आवडलं. साधारण अर्थ असा की या दारातून आपले मित्र येतात, ते दार त्यांच्यासाठी उघडं ठेवणं, त्यांचं स्वागत करणं आणि खोली नीट आहे का बघणं माझं काम. मी त्या दारातून वीस मिनिटांपूर्वी आले होते तेव्हा त्याने खरंच विचारलं होतं, नवीन आहेस का, आणि माझी खुर्ची ओढून दिली होती. मला वाटलं होतं तो आपला असाच चांगला मुलगा आहे. ते त्याचं खातं निघालं.

पुढचा महिना गेला ग्रीनहँड डिग्रीच्या तयारीत. ग्रीनहँड म्हणजे नवशिका, पहिली पायरी. त्यावर चॅप्टर डिग्री (चॅप्टर म्हणजे शाळेतला क्लब), मग स्टेट, मग अमेरिकन. ग्रीनहँडला ब्राँझची पिन मिळते, ती जॅकेटवर नावाखाली लावायची. त्यासाठी चिन्हाचा अर्थ सांगता यायला हवा, बोधवाक्य, इतिहास, जॅकेट कसं वापरायचं त्याचे नियम, एक प्रोजेक्ट ठरवलेला हवा आणि क्रीड समजावून सांगता यायला हवी. क्रीड म्हणजे त्यांची प्रतिज्ञा म्हणा, पाच परिच्छेद, विस्कॉन्सिनच्या टिफनी नावाच्या माणसाने लिहिलेली, 1930मध्ये स्वीकारलेली.

आधी जॅकेट. ते आपलं आपण विकत घ्यायचं, स्वस्त नाहीये, आणि आमचं घर तेव्हा अजून डॉलरला ऐंशीने गुणायच्या स्टेजमध्ये होतं, त्यामुळे मी विषयच काढला नाही. टीचरला कसं कळलं माहीत नाही. क्लबकडे एक कपाट आहे, पास होऊन गेलेली मुलं त्यात जॅकेटं ठेवून जातात, त्यातलं एक तिने मला दिलं. मापाला जरा मोठं, आणि पुढे सोनेरी धाग्याने दुसऱ्याच मुलीचं नाव. पूर्ण पहिलं वर्ष मी ते नाव घालून फिरले. स्पर्धेला गेलं की लोक मला त्या नावाने हाक मारायचे आणि मी वळायचे पण. एकदा तर त्या मुलीला ओळखणारी एक बाई भेटली, म्हणाली अगंबाई ती तर आता तुलारेला डेअरीवर आहे, तिला सांगते तुझं जॅकेट जिवंत आहे म्हणून.

मी ते घालून घरी व्हिडिओ कॉल लावला. आजीने फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ.

"अवं माय, छातीवर काय आहे ते? घुबड?"

चिन्हात घुबड आहेच. कणसाचा आडवा छेद, त्यात उगवता सूर्य, नांगर, वर गरुड आणि मधे घुबड, ते त्यांच्याकडे ज्ञानाचं. मी समजावलं. आजी म्हणाली ज्ञानाचं असेल तिकडे, आमच्या धाब्यावर (म्हणजे घराच्या छतावर) बसलं तर दगड मारतात, पोरीच्या छातीवर काहून लावलं? मग मागून आप्पांचा आवाज आला, "लक्ष्मीचं वाहन आहे ते, गप." तेव्हापासून आमच्या घरात ते लक्ष्मीचं जॅकेट आहे.

आता क्रीड. वाचायला गेलं तर जुनी भारदस्त इंग्लिश, लांब लांब वाक्यं, आणि माझा मेन प्रॉब्लेम 'व'. मराठी माणसाला डब्ल्यू आणि व्ही दोन्ही एकच. पहिल्याच ओळीत 'वर्ड्स' येतो, की माझी श्रद्धा शब्दांतून नाही कृतीतून जन्मलेली आहे, आणि तिथेच मी अडकायचे. टीचर म्हणाली शिट्टी वाजवायला ओठ करतेस तसे कर आणि मग सोड. मी शाळेतून घरी चालत येताना अख्खा रस्ता शिट्टीचं तोंड करून वर्ड्स, वर्क, वेल्थ करत यायचे, एका आजोबांचं कुत्रं रोज माझ्या अंगावर भुंकायचं. दुसरा परिच्छेद मला सगळ्यात सोपा गेला कारण त्यात शेतकी आयुष्याची सुखं आणि गैरसोयी दोन्ही माहीत आहेत असं म्हटलंय, आणि निराश व्हायच्या वेळीसुद्धा ती ओढ नाकारता येत नाही असं. हे मी आईला मराठीत सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, हे तुझ्या आप्पांनी लिहिलंय का?

आमच्या शाळेतल्या स्पर्धेत मी दुसरी आले, म्हणून पुढे सेक्शनला गेले, तिथे आजूबाजूच्या शाळांची नववीची मुलं. तोंडपाठ म्हणायचं, चार मिनिटांच्या आत, आणि मग जज प्रश्न विचारतात. तीन जज होते. म्हणण्यात मी तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य गाळलं, ते मला तेव्हाच कळलं, कानात गरम झालं, पण थांबले नाही. मग मधल्या जजने विचारलं की चौथ्या परिच्छेदात भीक कमी आणि सौदा करायची ताकद जास्त असं आहे, ते तुला तुझ्या आयुष्यात कुठे दिसलं?

माझी सगळी तयारी केलेली उत्तरं 'लीडरशिप' आणि 'कम्युनिटी' वर होती. ती गेली डोक्यातून. मी रावेर सांगितलं. की आजोबांकडे केळी आहे, बोर्डावर भाव एक लागतो आणि बागेत व्यापारी दुसरा देतो, वर दांड्याचं वजन म्हणून कटती वेगळी, आणि नाही म्हणता येत नाही कारण घड तयार झाला की तो थांबत नाही, उन्हात चार दिवसांत पिवळा पडायला लागतो, म्हणजे माल आपला, घाई पण आपलीच. मी म्हटलं आजोबा भीक मागत नाहीत पण सौदा पण करत नाहीत, ते फक्त विचारतात आज काय देतो. हे सगळं मोडक्या इंग्लिशमध्ये, कटतीला इंग्लिश शब्द सुचेना म्हणून 'कट्टी' असंच म्हटलं आणि हाताने कापल्याची खूण केली. तो जज स्वतः द्राक्षवाला होता, बेदाणे करतो, मान हलवून म्हणाला आमच्याकडे पण आहे, नाव वेगळं आहे.

सातवी आले. गाळलेलं वाक्य महागात पडलं. बाबा न्यायला आले होते, गाडीत विचारलं काय बोललीस, मी सांगितलं, मग ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, हायवे 99वर एका ट्रकच्या मागे चालत राहिलो आम्ही, ओव्हरटेक पण केला नाही.

प्रोजेक्टचं आता. क्लबच्या तीन बाजू असतात म्हणतात, वर्ग, क्लब आणि प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्ट म्हणजे तुमचं स्वतःचं काहीतरी शेतीतलं, वर्षभर, हिशेबासकट. बहुतेक मुलं जनावर घेतात. बोकड, मेंढी, डुक्कर, ते वाढवायचं, चालायला शिकवायचं, ऑक्टोबरात फ्रेस्नोच्या जत्रेत रिंगणात दाखवायचं आणि मग लिलाव. आम्ही शाकाहारी, मला ते जमणारच नव्हतं, पण माझ्या मैत्रिणीच्या बोकडाला मी रोज दुपारी फिरवायचे, कारण तो तिच्यापेक्षा माझ्याबरोबर नीट चालायचा. लिलावाच्या दिवशी ती रिंगणात अगदी ताठ उभी राहिली, हसली, खरेदी करणाऱ्याशी हात मिळवला. मग गोठ्यामागे जाऊन अर्धा तास रडली. नाक पुसून बाहेर आली आणि म्हणाली पुढच्या वर्षी लवकर घ्यायचा, पाठ अजून भरायला हवी होती. मला ते तेव्हा भयंकर वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. पण गावाला बैल विकायच्या दिवशी आजी घराबाहेर येत नाही, हे पण मला त्याच दिवशी आठवलं.

मी ठरवलं केळी. जळगावची आहे, दुसरं काय लावणार. सगळ्यांनी समजावलं. टीचर म्हणाली इथे थंडी पडते. बाबा म्हणाले इथे थंडी पडते. मी म्हटलं उन्हाळा तर आपल्यासारखाच आहे, चाळीसच्या वर जातं. वर्गातल्या एका ह्मोंग (मूळचे लाओसकडच्या डोंगरांतले लोक) मुलाच्या आजीच्या अंगणात केळीची बेटं होती, फ्रेस्नोत ह्मोंग लोक खूप आहेत आणि भाजीपाल्याच्या शेतीत एकदम हुशार, त्या आजीने मला चार पिल्लं काढून दिली फुकट. तिला इंग्लिश येत नव्हतं, मला ह्मोंग येत नव्हतं, पण तिने हाताने दाखवलं की थंडीत याला गुंडाळ, गोधडीसारखं काहीतरी पांघरायची खूण केली. मी मान डोलावली. सप्टेंबरात शाळेच्या शेतात लावली, बाबांनी नाही नाही म्हणत ठिबक जोडून दिलं, महिनाभरात दोन-दोन नवी पानं.

डिसेंबरात धुकं सुरू झालं, इथे ते इतकं दाट असतं की शाळा उशिरा भरते. मी गोण्या गुंडाळल्या होत्या. मग एका शुक्रवारी रात्री आभाळ मोकळं झालं आणि सोमवारी मी जाऊन बघते तर चारही रोपं काळी. म्हणजे सुकलेली नाही, काळी, पालक शिजवल्यावर होतो तशी लिबलिबीत, आणि हात लावला तर पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, निघून हातातच आला. मी तो पोंगा धरून तिथे किती वेळ उभी होते काय माहीत. ती आजी म्हणाली होती पांघरूण घाल, मी गोणी नुसती बुडाला गुंडाळली होती.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, आणि तो अगदी बोअरिंग आहे, तो म्हणजे हिशेब. ऑनलाइन वही असते, त्यात तारीख, किती तास काम, खर्च, उत्पन्न, सगळं भरायचं, आणि ते टीचर तपासते. मी म्हटलं प्रोजेक्ट मेला तर खोडून टाकू, नवीन सुरू करू. ती म्हणाली खोडायचं नाही. मेलेलं पण लिहायचं. मग मी लिहिलं: माती, खत, गोण्या, मिळून 47 डॉलर खर्च, माझे 61 तास, उत्पन्न शून्य. शून्य लिहून सेव्ह करताना जे वाटलं ना, ते परीक्षेत नापास होण्यापेक्षा वेगळं होतं.

त्याच सुमारास टीचर घरी आली. इथे ॲगचे टीचर प्रत्येक मुलाचा प्रोजेक्ट बघायला घरी येतात, आम्हाला हे माहीत नव्हतं, आईला वाटलं तक्रार घेऊन येतायत. दारात चपलांचा ढीग बघून तिने स्वतःहून बूट काढले, चिखलाचे, आणि मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते बघून आई एकदम निवांत झाली. पोहे केले. टीचरने बाबांना सहज विचारलं की शाळेच्या शेतात एका बाजूला पाणी कमी येतं, काय असेल, आणि बाबा सुरू झाले. दीड तास. कागद काढला, लाइनची लांबी, प्रेशर, शेवटचा ड्रिपर, फ्लशिंग कधी केलं होतं. त्यांना या देशात कोणी पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल घरी बसून विचारलं असेल. पुढच्या शनिवारी ते स्वतः जाऊन ती लाइन धुऊन आले आणि तिथे दहा-बारा पोरांना फिल्टर उघडून दाखवला. शेतीच्या वर्गाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

वसंतात मी मेथी लावली. छोटी जुडी एक डॉलर, रविवारी मंदिराबाहेर, गिऱ्हाईक सगळ्या पंजाबी आंट्या आणि दोन-तीन आपल्याकडच्या. वहीत पिकांच्या यादीत मेथी सापडेना म्हणून भाजीपाल्यात टाकली. 2023चा तो मार्च म्हणजे इकडे पाऊसच पाऊस, आमच्या दक्षिणेला तुलारे नावाचं आटून शेती झालेलं तळं होतं ते परत भरलं, शेतं पाण्याखाली गेली, डेअऱ्यांना गायी ट्रकने हलवाव्या लागल्या, आमच्या सेक्शनमधल्या काही जणांच्या घरचं पण त्यात होतं. त्या पावसात माझी एक खेप सडली, ती पण लिहिली. दोन खेपा चांगल्या आल्या. वर्षाअखेर मेथीत 83 डॉलर सुटले, केळीचे 47 वजा, 36 डॉलर नफा. टीचर म्हणाली बरोबर आहे, पण तुझे तास? केळीचे 61, मेथीचे 74. भाग.

भागले. तासाला सत्तावीस सेंट.

हे मी हसत हसत आप्पांना सांगितलं कॉलवर. ते हसले नाहीत. त्यांच्याकडे खिशातली डायरी असते, खताच्या दुकानवाल्याने दिलेली, त्यात खर्च सगळा असतो, टिश्यू कल्चरची रोपं एवढी, खत एवढं, मजुरी एवढी, घडाचे आले एवढे. आप्पा म्हणाले, "तासाचं कुठे लिहितात?" मी सांगितलं वेगळा रकाना असतो, मालकाने स्वतः केलेलं काम, पैसे न घेतलेलं, तेही मोजायचं. म्हणे, "घरच्या माणसाचे पण?" म्हटलं हो, आजीचे पण. फोनवर जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

दहावीत, म्हणजे इथल्या सोफमोर वर्षाला, मी सेंटिनलसाठी फॉर्म भरला. अर्ज, मग इंटरव्ह्यू, समोर टीचर आणि सीनियर मुलं. अध्यक्षपदाला का नाही भरलास असं एकाने विचारलं, मी म्हटलं मला दार हवंय. मिळालं. काम काय म्हणाल तर खुर्च्या लावणं, एसी बघणं, नवीन आलेल्याला नाव विचारणं आणि बसवणं, आणि ते पाठ केलेलं उत्तर न अडखळता म्हणणं, 'वेलकम'मधल्या डब्ल्यूसकट. चॅप्टर डिग्री पण झाली, तिला मेंबरांसमोर पंधरा मिनिटांची चर्चा चालवावी लागते आणि सभेचे पाच नियम करून दाखवावे लागतात, प्रस्ताव, अनुमोदन, दुरुस्ती असं सगळं. ते मला आमच्या ग्रामसभेत एकदा करून बघायचंय, कोण कोणाला दुरुस्ती मांडू देतं ते. नवीन जॅकेट बाबांनीच ऑर्डर केलं, मला न सांगता. नावात स्पेलिंग चुकेल म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर मोठ्या अक्षरात लिहून टीचरला दिलं होतं म्हणे. जुनं मी कपाटात परत ठेवलं.

आणि आप्पांनी डायरीत रकाना पाडला. पट्टीने नाही, हातानेच, वाकडी रेघ, वर लिहिलंय 'आपले तास'. आतेबहीण महिन्यातून एकदा त्या पानांचे फोटो काढून पाठवते, मी ते एक्सेलमध्ये भरते. गेल्या आठवड्यातलं पान असं होतं: सोमवार, पिलं कापली, 3 तास. मंगळवार, आजी, घडाला टेकू, 2 तास. बुधवार, रात्रीची लाईट, 12 ते 4, मोटर दोनदा ट्रिप, पाणी अर्धंच झालं. आणि त्याखाली, बहुतेक माझ्यासाठी: मोटर बंद होती तेव्हा पण बांधावरच बसलो होतो, ते धरायचं का?